उद्घाटनाची रिक्षा

आमच्या घरात स्वतःच्या नावाचं एकही भांडं नव्हतं. पाणी प्यायचा तांब्या कुणा शकुंतलेच्या लग्नातला होता, माझ्या ताटावर ‘मामा-मामींकडून सप्रेम भेट’ असं लिहिलेलं होतं आणि मला मामाच नव्हता, आईची पिठाची परात एका भजनी मंडळाची. ही सगळी अण्णांच्या हातून बिघडलेली भांडी. अण्णा म्हणजे माझे वडील. ते कुंभिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते, आणि लग्नसराईत व दिवाळीच्या आधी, रविवारच्या रविवारी, कर्जतच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर पाट टाकून बसायचे आणि भांड्यांवर नावं घालायचे. एखादं अक्षर चुकलं की दुकानदार ते भांडं त्यांच्याच गळ्यात मारायचा. अण्णांच्या चुका थोड्या होत्या, पण वर्षं पुष्कळ झाली होती, त्यामुळे आमची मांडणी परक्यांच्या नावांनी भरून गेली होती. लहानपणी मी जेवताना ताटाभोवतीची अक्षरं वाचत असे. सुकटीचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाता खाता मी किती अनोळखी लोकांच्या लग्नाला हजेरी लावली असेल, सांगता येत नाही.

घरातला कायमचा आवाज म्हणजे छिन्नी आणि छोट्या हातोडीचा. अण्णा सरावासाठी घरीही बसत. तांब्यावर तो आवाज मऊ यायचा, पितळेवर खणखणीत, आणि स्टीलवर थोडा चिडका. आई चुलीपाशी पाठमोरी बसून सांगायची, “आज पितळ हाय वाटतं.” वालाचं बिरडं शिजत असायचं, बाहेर ओटीवर टक-टक चाललेली असायची, आणि दोघंही तासन्‌तास बोलायची नाहीत. कारखान्यात वीस-वीस वर्षं काढलेली माणसं ओरडून बोलतात. अण्णांचं उलटं झालं होतं. आपलं कुणाला ऐकूच जाणार नाही असं धरून त्यांनी बोलणंच कमी करून टाकलं होतं. जे बोलत तेही इतकं हळू की समोरच्याला वाकावं लागे. मी एकुलती एक. त्या दोन गप्प माणसांच्या घरात मीच काय ती बडबडी, आणि माझ्या बडबडीला उत्तर म्हणून बहुतेक वेळा हातोडीच यायची.

मी बारावीला होते तेव्हा कारखाना बंद पडला. जे काही हातात आलं ते सगळं अण्णांनी एका दुकानात घातलं. आमचं घर दहिवलीत, वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून. दुकान तिथून पुढे कर्जतच्या पुलाकडे जाताना. एक गाळा, एक काउंटर, तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर डबे, टोप, कुकर, घागरी. नाव ठेवलं ‘सुजाता भांडी भांडार’. बुद्धांना खिरीचं पात्र देणारी ती सुजाता. पाटीवरचं नाव अण्णांनी रंगाऱ्याला न देता स्वतः पत्र्यावर ठोकून काढलं आणि मग त्यात रंग भरला. एवढं मोठं अक्षर त्यांनी आयुष्यात प्रथमच काढलं होतं. ते पूर्ण झाल्यावर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.

त्यांचा हिशेब साधा होता. “बाय, कर्जतातल्या निम्म्या घरांत माजं अक्षर हाय,” ते मला म्हणाले. “लोकांना नुसतं कळाय पायजे, का तो मानूस आता हितं बसतो. मंग येतील.” मलाही ते पटलं होतं. कोण येणार नाही? ज्यांच्या साखरेच्या डब्यावर, देवाच्या तांब्यावर, मुलीच्या रुखवतावर अण्णांचा हात फिरला होता ते आपल्या माणसाच्या दुकानात येणार नाहीत? प्रश्न फक्त कळवण्याचा होता, आणि कळवण्याचं काम माझ्याकडे आलं. पिवळ्या कागदाच्या हँडबिलाचा मजकूर मी लिहिला. ‘उद्घाटनाच्या दिवशी कोणत्याही खरेदीवर सुबक अक्षरात नाव विनामूल्य’ हे वाक्य मी तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलं आणि त्यावर फारच खूश झाले. ते घेऊन आम्ही कर्जतच्या छापखान्यात गेलो. छापखान्याचे मालक नाना अण्णांना वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांच्या दोन्ही मुलींच्या लग्नातली भांडी अण्णांनीच केलेली. नानांनी मजकूर वाचला, तारखेवर बोट ठेवलं, एकदा अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाले, “ठीक आहे, परवा घेऊन जा.”

तारीख अण्णांनी ठरवली होती. भाद्रपदातली पौर्णिमा. आमच्याकडे सगळ्याच पौर्णिमा चांगल्या. पांढरे कपडे, विहारात वंदना, घरी खीर. भिंतीवरचं कॅलेंडर विहारातून मिळालेलं, त्यावर पौर्णिमा तेवढ्या निळ्या रंगात छापलेल्या, बाकी दिवसांना काही अर्थच नसल्यासारखे सगळे काळे. त्यातून आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे गणपती गेलेले, लोक मोकळे झालेले. याहून सोयीचा दिवस शोधून सापडला नसता, असं आम्हा तिघांनाही वाटलं. पंचांग आमच्या घरात आजोबांच्या दीक्षेपासून नव्हतं.

राहिला भोंगा. तो सलीमभाईंचा. सलीमभाई खालापूरचे, कोकणी मुसलमान, स्वतःची रिक्षा आणि लग्नाकार्याला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, मागच्या सीटवर बॅटरी आणि अँप्लिफायर, आणि उरलेल्या वीतभर जागेत बोलणारा माणूस. अण्णांनी एकदा माईक हातात घेऊन पाहिला. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला. सलीमभाई हसून म्हणाले, “अण्णा, तुमी मनातल्या मनात बोलताय. पोरीला बसवा.” अशी मी बसले.

सलीमभाईंनी मला जे शिकवलं ते पुढे मास्तरकीच्या तीस वर्षांतही उपयोगी पडलं. “लांब वाक्य बोलू नको,” ते म्हणाले. “रिक्षा पुढं जाते. पैल्या घराला तुजी सुरुवात ऐकू येते, तिसऱ्या घराला शेवट. मधल्याला काय समजनार? दुकानाचं नाव तीनदा घे, पत्ता दोनदा, आन बाकी सगळं एकदा.” माईकला रुमाल गुंडाळायचा, तोंड तिरकं ठेवायचं, आणि चढावर गप्प बसायचं, कारण इंजिनाच्या आवाजात सगळं बुडतं. गणपतीचे दहा दिवस आम्ही हिंडलो. कर्जतचा बाजार, नेरळ, इकडे खालापूर, कुंभिवलीचा हायवे. माझ्या आवाजाला लोक खिडकीत यायचे, बायका हातातलं काम घेऊन दारात उभ्या राहायच्या, पोरं मागे पळायची. पण मला कुणाचंच काही ऐकू येत नसे. माझाच आवाज पुढच्या भिंतींवर आपटून परत कानात यायचा. कुणी काही विचारलं तर मी उत्तर द्यायच्या आत रिक्षा पुढे गेलेली असे. दिवसभरात शेकडो माणसांशी बोलून मी घरी यायचे आणि मला वाटायचं की आज आपण कुणाशीच बोललो नाही. आता नेरळच्या फ्लॅटमध्ये बसल्या बसल्या नव्या दुकानांची उद्घाटनं मोबाइलवर येतात. कोण कुणाला सांगतंय ते मला अजूनही कळत नाही, पण निदान रिक्षात अंग तरी आंबत नाही.

पौर्णिमेला सकाळी सातला वस्ती पांढऱ्या कपड्यांत दुकानासमोर जमली. आईने नव्या टोपात खीर केली होती. खुर्च्या मांडल्या होत्या, पुढच्या दोन रांगा बाजारातल्या व्यापाऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या. वंदना झाली. मग विहाराचे सचिव, आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू, बोलायला उभे राहिले. निवृत्त शिक्षक, आवाज खडा, त्यांना माईक लागत नसे. ते म्हणाले, “आज पितरं लागली. लोक नवी वस्तू घेत नाहीत, नवं कार्य करत नाहीत. पंधरा दिवस हातावर हात धरून बसतात. आणि आपल्या या माणसानं नेमका हाच दिवस निवडला! नुसतं बोलून दाखवलं नाही, दुकान उघडून दाखवलं. याला म्हणतात प्रतिज्ञा पाळणं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. गुरुजींनी अण्णांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

मी अण्णांच्या शेजारीच उभी होते. ते टाळ्या वाजवणाऱ्या लोकांकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते फक्त मला आणि आईला वाचता आलं. त्यांना ठाऊक नव्हतं. पितरं असतात, पावसाच्या शेवटी कधीतरी येतात, एवढं आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. शाळेतल्या मैत्रिणी त्या दिवसांत डब्यात वडे आणायच्या. पण ती नेमकी कधी लागतात हे आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. अण्णा बाजारात बसत ते लग्नसराईत आणि दिवाळीला. या पंधरवड्यात त्यांना कधी कुणी बोलावलंच नव्हतं, आणि का बोलावत नाहीत असा प्रश्न कारखान्यातल्या नोकरीमुळे त्यांना कधी पडला नव्हता. आणि सलीमभाईंना तरी कसं कळावं? सगळी जाहिरात करणारे आम्ही तिघं, आणि आमच्यापैकी एकाच्याही घरात पितर जेवायला येत नव्हते. वस्तीतल्या ज्या जुन्या लोकांना दिवस ठाऊक होता, त्यांना वाटलं हा मुद्दाम करतोय, आणि त्यांची छाती फुगली. अण्णा हार गळ्यात घेऊन उभे राहिले. चुकून झालं असं त्या टाळ्यांमध्ये सांगणार कसं?

नऊ वाजेपर्यंत वस्ती कामाधंद्याला निघून गेली. पुढच्या दोन रांगा तशाच राहिल्या. अण्णांनी पाट टाकला, छिन्नी-हातोडी मांडली आणि नावं घालायला तयार होऊन बसले. मी काउंटरवर. रस्त्याने माणसं जात होती, पाटी वाचत होती. कुणी हसून मान हलवायचं. दुपारी एक बाई दाराशी थांबली, कुकरकडे पाहिलं आणि आत न येताच म्हणाली, “नंतर येते गं, पितरं झाली की.” तिच्या बोलण्यात काहीच वाकडं नव्हतं. आई संध्याकाळी उरलेली खीर परत न्यायला आली तेव्हा टोप निम्म्याच्या वर भरलेला होता.

पुढचे दिवस तसेच गेले. मला जे खात होतं ते मी कुणाला बोलू शकत नव्हते. पितरं आहेत म्हणून येत नाहीत, की आमचं दुकान म्हणून येत नाहीत? पाटावर बसलेला माणूस वेगळा आणि गल्ल्यावर बसलेला वेगळा. पाटावरच्या माणसाला भांडं रस्त्यावरून हातात देता येतं, गल्ल्यावरच्याकडून घ्यायला त्याच्या दुकानात शिरावं लागतं. पंधरा दिवस तरी हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्या दिवसांत मी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडावर हेच शोधत बसत असे. अण्णा काय शोधत होते ते मला माहीत नाही. ते फळ्या पुसत. पुसून झालेली भांडी पुन्हा पुसत.

तिसऱ्या दिवशी ते मला घेऊन छापखान्यात गेले. नानांनी खुर्ची दिली, चहा मागवला. अण्णांनी हळूच विचारलं, “नाना, तुमी तारीख वाचलीत. पितरं हायत, हे बोलला नाय तुमी.” नानांना खरंच अवघडल्यासारखं झालं. “अहो, मला वाटलं तुमच्यात चालत असेल,” ते म्हणाले. “म्हटलं आपण कशाला बोला, तुम्हाला वाईट वाटायचं.” अण्णांनी चहा संपवला, कपाचा कान नीट आपल्याकडे वळवून ठेवली आणि उठले. पुलावर आल्यावर म्हणाले, “इतकी वर्सं वळखतो. इचारायचं तरी.” एवढंच. नाना वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. गावभर आमची हँडबिलं वाटली गेली, प्रत्येक घरात ती वाचली गेली, प्रत्येकाला दिवस ठाऊक होता, आणि प्रत्येकाने चांगुलपणाने तोंड बंद ठेवलं. मला त्या वयात शिव्या परवडल्या असत्या.

पाचव्या दिवशी सलीमभाई आले. काउंटरला टेकून म्हणाले, “अण्णा, डोक्यात एक गोष्ट आलीय. खालापुरात एका घरी गेलतो. त्यांना बापाच्या नावानं देवळाला मोठा टोप द्यायचाय, नाव घालनारा मिळत नाय. पितरांत लोक सोतासाठी नवं घेत नाय, पन गेलेल्याच्या नावानं देतात की. तेच भोंग्यावर बोलू. आठ-धा दिवस हायत अजून.” सलीमभाई गेल्यावर अण्णांनी एक पिवळं हँडबिल उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. लिहून झाल्यावर माझ्यापुढे सरकवलं. ‘पितृपक्षानिमित्त, पूर्वजांच्या स्मरणार्थ द्यावयाच्या भांड्यांवर सुबक अक्षरात नाव घालून मिळेल.’

“उद्या बोलशील?” त्यांनी विचारलं.

“हे मी नाही वाचणार,” मी म्हणाले. मी अठरा वर्षांची होते, गुरुजींची लाडकी, वस्तीतल्या लहान मुलांकडून प्रतिज्ञा पाठ करून घेणारी. “श्राद्धपक्ष करणार नाही म्हणून आपण शपथ घेतो अण्णा, आणि मी भोंग्यावरून पितरांची जाहिरात करू?”

“मी श्राद्ध करतोय का? मी अक्षर घालतोय.”

“गुरुजींनी हार घातलाय तुम्हाला.”

“त्यो चुकून पडला गळ्यात.”

“मग जाऊन सांगा त्यांना, चुकून झालं म्हणून.”

अण्णा पाटाकडे बघत राहिले. “ते बी जमत नाय बाय,” ते म्हणाले, “आन दुकान बंद करनं बी जमत नाय.” त्यांच्या तोंडून एवढं लांब वाक्य मी क्वचितच ऐकलं होतं, आणि तरी मी ते हँडबिल त्यांच्याकडे परत सरकवलं. बरोबर कोण होतं, असं मला कुणी विचारलं तर मी अजूनही म्हणेन की माझं बरोबर होतं. त्याचा मला काही आनंद नाही.

दुकान चाललं, हे इथेच सांगून टाकते. त्या आठ-दहा दिवसांत खालापूर, कुंभिवलीकडून लोक टोप, घागरी, समया घ्यायला आले. ‘यांच्या स्मरणार्थ’ हे शब्द अण्णांनी इतके घातले की ते डोळे मिटूनही घालू शकले असते. मग दसरा आला, दिवाळी आली, आणि पितरं झाली की येते म्हणालेली ती बाईसुद्धा खरोखर आली. गुरुजी वर्षभर आमच्या दुकानासमोरून मान वळवून जात राहिले. माझं कॉलेज, माझं डी.एड., सगळं त्याच फळ्यांवरून निघालं. पण मला आठवतो तो आमच्या त्या वादाच्या दुसऱ्या दिवसाचा प्रसंग.

दुपार होती. मी रुसून घरीच थांबले होते, आई आत तांदूळ निवडत होती. पुलाच्या बाजूने भोंग्याचा आवाज आला. आधी मला वाटलं सलीमभाईंनी दुसरं कुणी बसवलंय. मग आवाज ओळखू आला. अण्णा बोलत होते. चिरका, घाबरा आवाज, भलत्याच ठिकाणी श्वास घेणारा. आयुष्यभर ज्याचं बोलणं ऐकायला वाकावं लागलं तो माणूस साऱ्या दहिवलीला ऐकू येत होता. “पूर्वजांच्या,” ते म्हणाले, थांबले, घसा खाकरला, तोही भोंग्यातून सगळ्यांना ऐकू गेला, “स्मरणार्थ.” आई सूप हातात घेऊन दाराशी आली. आम्ही दोघी उभ्या राहिलो. रिक्षा वस्तीच्या तोंडाशी आली आणि आवाज बंद झाला.

खालापूरकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. रिक्षा वस्तीमधून मुकाट्याने चालली. सलीमभाई समोर बघत होते. अण्णा मागे बॅटरीशेजारी अंग चोरून बसले होते, माईक दोन्ही हातांनी मांडीवर दाबून धरलेला. ओटीवर बसलेली माणसं बघत होती, विहाराच्या पायरीवर दोन-तीन जण उभे होते. आमच्या दारासमोरून जाताना रिक्षा खड्ड्यामुळे जवळजवळ थांबलीच. अण्णांनी दाराकडे पाहिलं नाही. आई हळूच म्हणाली, “जा की गं.” चार पावलांचं अंतर होतं. मी नुसती हाक मारली असती तरी सलीमभाईंनी रिक्षा उभी केली असती. मला जावंसं वाटत होतं, आणि मी चौकट धरून उभी राहिले.

वळणापलीकडे, जिथे आमची घरं संपतात तिथे, भोंगा परत सुरू झाला. जे आमच्यासमोर बोलायची त्यांना लाज वाटली, ते परक्यांच्या दारांत एकटेच बोलत अण्णा लांब निघून गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं दुकानाची रिक्षा दर सणाला फिरली, आणि मला ये म्हणून अण्णांनी पुन्हा कधी विचारलं नाही.